चौरंगावरचा ड्रॅगन

मुलीच्या मैत्रिणी मला अधूनमधून फोन करून विचारतात, काकू, त्या लांबलचक फँटसी मालिकांपैकी कोणती वाचण्यालायक आहे? त्यांना वाटतं, इंग्रजीची रिटायर मास्तरीण, वेळच वेळ, पाय पसरून वाचत बसली असेल. मी म्हणते, बायांनो, मला नका विचारू. तुम्ही मनातल्या मनात वाचता, कंटाळा आला की मोबाईल बघता, चौथा भाग नाही आवडला तर ठेवून देता. मी ती जाडजूड पुस्तकं मोठ्याने वाचली आहेत, इंग्रजी वाक्य वाचून वऱ्हाडीत अर्थ सांगत, एक ओळ न गाळता, पलंगावर पडून असलेल्या एका म्हाताऱ्या माणसासाठी. माझा घसा अजून ठिकाणावर आलेला नाही.

तरी विचारतातच. मग सांगते. पहिल्या भागावर भाळू नका, शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. पहिला भाग मोकळा शिजलेला असतो आणि चौथ्यात नुसती पेज. नमनाला घडाभर तेल जाळणारा लेखक पुढे वातीला तेल ठेवत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालिका संपली आहे का ते आधी बघून घ्या. हा शेवटचा सल्ला मी देते खरी, पण देताना मलाच कसंतरी होतं.

माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, मूळचे वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावचे. संत्र्याची बाग, थोडी कोरडवाहू, आणि श्रावण आला की देवळात पोथी. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने अर्थ सांगायचा, अशी तिकडची रीत. बाबांनी दोन्ही कामं जन्मभर केली. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली तेव्हा दवाखाना जवळ म्हणून आम्ही त्यांना वर्धा शहराला लागून सिंदी मेघेला आमच्या घरी आणलं. बोलणं शाबूत राहिलं. पण डोळ्यांना अक्षर दिसेना आणि हातात पुस्तक धरवेना.

मी तेव्हा आंजी गावच्या शाळेत शिकवत होते. सकाळी बाबांचं सगळं आवरायचं, बस धरायची, पोरांना क्रियापदांची रूपं घोकायला लावायची, परत येऊन पुन्हा बाबांचं आवरायचं. उचलायला ह्यांचा हात असायचा, नाही असं नाही. पण चादर ओली आहे हे ह्यांच्या लक्षात कधी आलं नाही, ते नेहमी माझ्याच आलं. मी रिटायर झाले त्या दिवशी शाळेने शाल-श्रीफळ दिलं आणि घरी येऊन मी ती शाल तशीच अंगावर घेऊन झोपले. इतकी दमले होते.

त्याच सुमारास पुण्याहून मुलीचा फोन आला, तिला दिवस गेले होते. मग घरात ठरलं. आम्ही दोघांनी पुण्याला जायचं आणि बाळ जरा मोठं होईपर्यंत तिथेच राहायचं. बाबांना तळेगावला, धाकट्या दिरांकडे न्यायचं.

"बाबाले गावाची ओढ हायेच," हे म्हणाले.

दीर चांगले, जाऊही चांगली. फक्त दोघंही दिवसभर बागेत. बाबांच्या खाटेशेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवतील आणि दिवे लागायला परत येतील, हे मला दिसत होतं. पण दमलेल्या माणसाला जे दिसतं ते सगळंच तो बघत नाही.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं." थोड्या वेळाने मला हाक मारली. "जाच्या आंधी एक पोथी लाव व माय. समाप्ती झाली का जातो."

एका पोथीला कोण नाही म्हणेल? बाबांचा नेम आम्हा सगळ्यांना पाठ होता. पोथी एकदा चौरंगावर ठेवली की समाप्तीशिवाय उचलायची नाही, आणि तोवर वाचणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने गावाची वेस ओलांडायची नाही. घरात लग्न निघालं तरी नाही. हे म्हणाले, सात दिवसांचं तर काम आहे, होऊन जाऊ दे.

मी देवघरातली पोथी काढली. बाबांनी मान हलवली.

"थे पाठ हाय मले. तू चुकशीन अन् मी दुरुस्त करत राहीन. दुसरं लाव."

"दुसरं कोणतं, बाबा?"

त्यांचा पलंग मुलीच्या खोलीत होता आणि समोर तिचं कपाट. त्यात तिची सगळी फँटसी, रांगेने, एकेक भाग पाटाएवढा जाड. बाबांनी डावा हात तिकडे केला.

"थे लाव. कवापासून पाहून राह्यलो. काय हाय त्याच्यात?"

मी सांगितलं, त्या पोथ्या नाहीत, नुसत्या गोष्टी आहेत. राजे, राक्षस, शाप, जादूच्या तलवारी, राज्यातून हाकलून दिलेला मुलगा.

"मंग पोथीत आनखी काय राह्यते?" बाबा म्हणाले.

मी उठले आणि मुलीला फोन केला. आजोबा फँटसी ऐकणार म्हटल्यावर ती इतकी हसली की डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती बाजूला राहिली. मग तिने मला सल्ले दिले. तीन भागांची एक मालिका सुचवली, संपलेली, फार पाल्हाळ नसलेली. पहिल्या शंभर पानांत कोणाची काळजी वाटायला लागली नाही तर सोडून दे, म्हणाली. सोडून द्यायची सोय आमच्याकडे नाही हे ती विसरली होती.

अशी ती पहिली पोथी लागली. दुपारचा चहा झाला की मी चौरंगावर लाल कापड टाकायची, त्यावर पुस्तक, बाजूला उदबत्ती. कूलरचा आवाज फार म्हणून तो बंद करायचा, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून वाचणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. मी इंग्रजी वाक्य वाचायची, कारण मूळ ऐकल्याशिवाय अर्थ ऐकायचा नाही हा बाबांचा हट्ट. मग अर्थ सांगायची. "तं बाबा, थो राजाचा पोरगा जंगलात शिरला, अन् मांगून दुश्मनाचे घोडे येऊन राह्यले." शाळेत इतकी वर्षं मी पोरांना शुद्ध बोला म्हणून ओरडले, आणि आता वऱ्हाडी बोलताना मलाच बरं वाटत होतं.

बाबा मुकाट ऐकणारे नव्हते. सैन्य निघालं की विचारायचे, भाकरी कोन थापते इतक्या मान्साइले? एकदा तर वैतागलेच.

"हे सारे घोड्यावर फिरून राह्यले. वावरात कोन हाय मंग? पेरलं कोनं?"

मी पुढची पानं चाळून बघितली. लेखकाने कुठेच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून कोणतीही मालिका हातात घेतली की मी आधी हेच शोधते, त्या राज्यात पेरतं कोण. जिथे सापडतं ती बहुधा बरी निघते.

लग्न होऊन या घरात आल्यापासून बाबा आणि मी चहा ठेवला, गोळी घेतली का, याच्यापलीकडे बोललो नव्हतो. सुनेने सासऱ्याशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही. पण त्या राजपुत्राने भावाला माफ करावं की नाही यावरून आम्ही दोघं असे भांडलो की हे अंगणातून धावत आले.

समाप्तीला मी शिरा केला. गल्लीतल्या बायकांना कळलं होतं की आमच्याकडे बाबांसाठी पारायण लागलं आहे. कसलं, ते कोणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. शेजारच्या काकू आल्या, चौरंगासमोर बसल्या, डोळे मिटून नमस्कार केला आणि वरच्या पुस्तकाला हळद-कुंकू वाहिलं. मुखपृष्ठावर आग ओकणारा ड्रॅगन होता, कुंकू नेमकं त्याच्या कपाळावर. काकूंनी डोळे उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "उग्र रूप दिसते." मी म्हटलं, हो. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं होतं, पण त्यांचे खांदे हलत होते.

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी दिरांना फोन लावला, गाडी घेऊन ये म्हणून. तेवढ्यात बाबांनी मला बोलावलं.

"तीन भागाचं तं नमन झालं. आता मोठी लाव."

मी म्हटलं, बाबा, एकच ठरली होती. ते म्हणाले, एकली पोथी बरी नाई, जोडी लागते. असा नियम मी कधी ऐकला नव्हता. पण पोथीच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालणार कोण? मी कपाटातले पहिले भाग एकेक करून त्यांच्या डाव्या हातात दिले. ते नाव विचारत नव्हते, गोष्ट विचारत नव्हते. नुसतं तोलून बघत होते, आणि विचारत होते, याचे भाग किती? सात भागांच्या मालिकेवर त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आवड लागली म्हाताऱ्याला.

हे चिडले. दीर मात्र फोनवर म्हणाले, "होऊ दे वहिनी. पोथी लागली असताना मी कसा नेऊ बाबाले? उद्या काही झालं तं गाव मले नाव ठेवीन."

त्या सात भागांनी माझ्या नाकी नऊ आणले. तिसऱ्यापर्यंत ठीक होतं. चौथ्यात लेखक मेजवानीला बसला तो उठायलाच तयार नाही. कोणी काय नेसलं, कोणाच्या ताटात काय, कोण कोणाच्या मावशीचा दीर. घराणी वाढत गेली आणि गोष्ट जागची हलेना. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची आणि मनातल्या मनात त्या लेखकाला शिव्या द्यायची. त्याच्या घरी कोणी म्हणालं नसेल का, की पुरे कर आता? एकदा मी दोन पानं एकदम उलटली. बाबा डोळे मिटून पडले होते.

"मांगं जाय," ते म्हणाले. "काहीतरी राह्यलं."

पान उलटल्याचा आवाज जन्मभर ऐकलेला माणूस, त्याला काय फसवणार? मी मागे गेले आणि सगळी ताटं वाचून काढली.

तिकडे मुलीला सातवा महिना लागला होता. रोज विचारायची, आई, कधी येतेस? मी म्हणायची, सहावा भाग सुरू आहे, झालंच. एक दिवस ती रडायला लागली. "आई, ते फक्त पुस्तक आहे!" तिचं बरोबर होतं. मी बाबांच्या खोलीत गेले आणि त्या दिवशी जरा जोरातच वाचलं.

सहाव्या भागात एक जागा होती. सैन्य किल्ला सोडून निघतं, आणि एका म्हाताऱ्या प्रधानाला चालवत नाही म्हणून मागे ठेवतात, सोबत धान्य, पाणी, एक नोकर. सगळे त्याच्या पाया पडून निघतात. मी अर्थ सांगितला.

"त्याले काऊन सोडलं?" बाबांनी विचारलं.

"चालवत नव्हतं ना बाबा त्याले."

त्या दिवशी बाबांनी संध्याकाळचा चहा घेतला नाही. मला वाटलं, गोळ्यांनी तोंडाची चव गेली असेल.

सातवा भाग संपत आला तशी मी हलकी होत गेले. बॅग भरली. ह्यांनी पुण्याची तिकिटं काढली. दिरांची गाडीही ठरली. समाप्तीच्या आदल्या दिवशी मुलीने फोनवर बजावलं, "आता तिसरी मुळीच सुरू करू नकोस. आणि ती काळ्या पाठीची मालिका आहे ना, वरच्या फळीवर, तिला तर हातच लावू नकोस. त्या लेखकाने शेवटचा भाग लिहिलाच नाही. वर्षानुवर्षं लोक वाट बघताहेत."

समाप्ती झाली. शिरा झाला, काकू येऊन गेल्या. भांडी आवरून मी बाबांजवळ बसले. मन मोकळं होतं, म्हणून गंमत सांगावी तसं सांगितलं, की बाबा, वर एक मालिका आहे, तिला शेवटच नाही. लोक म्हातारे होऊन राह्यले वाट पाहून.

बाबांनी मान वळवली. "शेवट नाईच?"

"नाही."

"लिहीन का थो?"

"कोणालाच माहीत नाही."

अर्धांगवायूनंतर बाबांचा चेहरा एका बाजूने ओढलेला असायचा. तो त्या दिवशी मला पहिल्यांदा सरळ झाल्यासारखा वाटला.

"मंग थेच लाव," ते म्हणाले.

मला कळायला एक क्षण लागला. आणि कळलं तेव्हा आधी राग आला, खोटं कशाला बोलू. जोडीचा नियम, हातात तोललेली पुस्तकं, भाग किती हा प्रश्न, सगळं एकामागोमाग डोळ्यासमोर आलं. मी तीन भागांच्या आणि सात भागांच्या मालिकांत गोष्ट शोधत होते, आणि हा माणूस नुसती लांबी निवडत होता. मी उठून उभी राहिले.

"बाबा, खरं सांगा. तुम्हाला पोथी ऐकायची आहे, का तळेगावले जायचं नाही?"

त्यांचा डावा हात चादरीवरून इकडून तिकडे फिरत राहिला.

"तठी वाचनारं कोनी नाई व माय," ते म्हणाले. "वाईट नाईत थे लोकं. पन सकाळी वावरात जातीन, सांजच्याले येतीन. दिवसभर मी कोनाशी बोलू? भिंतीशी?" मग म्हणाले, "जाय तू. मी उगाच म्हनलं. पोरीचे दिवस भरत आले हायेत. अन् तू लय दमली, दिसते मले."

मी स्वयंपाकघरात आले. कढईला शिरा लागला होता, तो खरवडत राहिले. मला रडू येत होतं आणि राग गेला नव्हता, दोन्ही एकदमच होतं. माझी पाठ दुखत होती. पुण्याला सकाळी उशिरा उठेन, कोणाची चादर बघायला लागणार नाही, असं मी किती दिवस मनात म्हणत होते. पण त्या पलंगावरून ऐकू येणारं "मांगं जाय" पुण्यात ऐकू येणार नव्हतं, आणि तळेगावच्या त्या खाटेपाशी तर ते म्हणण्यासारखं काही वाचलंच जाणार नव्हतं. दमले होते हे खरं. दोन्हीकडे दमणारच होते हेही खरं.

हात धुतले. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा काळ्या पाठीचा पहिला भाग काढला, पदराने धूळ पुसली आणि चौरंगावर नेऊन ठेवला. बाबांनी बघितलं. मग डोळे मिटून घेतले. हे दारात उभे होते, हातात दिरांचा नंबर लावलेला फोन. माझ्याकडे बघितलं, चौरंगाकडे बघितलं आणि फोन कानाला न लावताच अंगणात गेले.

मी मुलीला फोन लावला.

"मला येता येत नाही," मी म्हणाले. "पोथी लागली आहे, वेस ओलांडता येत नाही. डॉक्टरांना विचारून तूच ये. पहिलं बाळंतपण माहेरीच करतात. दवाखाना इथेही आहे, आणि तुझी खोली आजोबांची झाली असली तरी घर मोठं आहे."

तिने विचारलं, "कोणती लावलीस?"

मी सांगितलं.

"आई," ती म्हणाली, "ती संपत नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले.